मुखोद्गत

दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यात, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या एका पडक्या इमारतीच्या माथ्यावर, अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो टोपरा या गावाहून यमुनेच्या पात्रातून नावांवर घालून राजधानीत आणविला. स्तंभावर कोरलेली अक्षरे काय सांगतात हे जाणून घेण्याची सुलतानाला मोठी उत्सुकता होती. त्याने ब्राह्मण विद्वानांना पाचारण केले. परंतु कोणालाही ती लिपी लागली नाही. दगड शाबूत होता, अक्षरे ठसठशीत होती. हरवली होती ती वाचणाराची स्मृती. पुढे १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडले, तेव्हा कुठे तो स्तंभ पुन्हा बोलू लागला.

आता याच प्रसंगाची दुसरी बाजू पाहावी. सुलतानापुढे निरुत्तर झालेल्या त्या ब्राह्मणांपैकी एखाद्याला वेदाची एखादी संहिता अथपासून इतिपर्यंत मुखोद्गत असणे अगदी संभवनीय आहे. आणि ती संहिता अशोकाच्या लेखाहूनही जुनी. तिला दगडाचा आधार नव्हता आणि दीर्घकाळ कागदाचाही नव्हता. एका कंठातून दुसऱ्या कानात, असा तिचा प्रवास झाला आणि तरीही उच्चारांचे चढउतार टिकले. माहिती साठवून ठेवणे आणि ती स्मरणात असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे दिल्लीच्या त्या स्तंभापाशी जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल.

मग जे मुखोद्गत असते ते नेमके असते कुठे? मेंदूत असते, हे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. परंतु मेंदूत ते शिरते कसे, आणि ते ठेवून घेताना मेंदूत काही फरक पडतो काय? हा प्रश्न दिल्लीच्याच परिसरात एकदा यंत्रासमोर ठेवला गेला. दिल्ली-जयपूर रस्त्यावर, अरवलीच्या पायथ्याशी असलेल्या मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. १९९९ साली स्थापन झालेली ही केंद्र शासनाची संस्था. तेथे जेम्स हार्टझेल, नंदिनी चटर्जी सिंग आणि इटलीतील ट्रेंटो विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांनी दिल्ली परिसरातील वेदपाठशाळांतून तयार झालेल्या २१ तरुण पंडितांच्या मेंदूंच्या प्रतिमा एमआरआय यंत्राने घेतल्या. तुलनेसाठी आणखी २१ जण निवडले. वय, उजवे-डावेपण, किती भाषा येतात, या बाबतीत ते पंडितांशी मिळतेजुळते होते. वेदपठण मात्र त्यांनी केलेले नव्हते. या अभ्यासाचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला.

या पंडितांची विद्या शुक्ल यजुर्वेदाची. महाराष्ट्रातील यजुर्वेदी घराण्यांतही ज्या माध्यंदिन शाखेचे अध्ययन चालते, तिची संहिता ४० अध्यायांची आणि १,९७५ मंत्रांची. शब्द मोजले तर ते चाळीस हजारांच्या घरात जातात आणि सगळी संहिता म्हणावयास सुमारे सहा तास लागतात. बालवयात आरंभ करून कमीअधिक दहा वर्षे हे अध्ययन चालते. या पंडितांच्या मेंदूच्या बाह्यपटलात कित्येक ठिकाणी करड्या द्रव्याचे प्रमाण इतरांपेक्षा दहा टक्क्यांहूनही अधिक आढळले. भाषा, आवाज आणि स्वर यांच्याशी संबंध असलेल्या, कानाच्या वरच्या बाजूच्या कुंभखंडात बाह्यपटल अधिक जाड दिसले. आणि हिप्पोकॅम्पस नावाचा जो लहानसा अवयव मेंदूच्या पोटात दडलेला आहे, त्याच्या उजव्या अंगाच्या जवळजवळ तीनचतुर्थांश भागात हे द्रव्य पंडितांमध्ये जास्त भरले.

निष्कर्ष प्रसिद्ध होताच त्यावर उड्या पडल्या. कोणी म्हणाले, संस्कृत भाषेतच काही गूढ सामर्थ्य आहे. कोणी म्हणाले, मुलांना पाठांतर करावयास लावा, म्हणजे मेंदू वाढेल. दुसऱ्या बाजूस पाठांतर या शब्दाचा उच्चार झाला तरी ज्यांच्या कपाळास आठ्या पडतात, असे शिक्षणज्ञही आपल्याकडे आहेतच. निबंध लिहिणारे स्वतः बरेच सावध होते. पण सावधपणा निबंधाबरोबर प्रवास करीत नाही. म्हणून ही दोन्ही मते बाजूस ठेवून, मेंदू माहिती आत कशी घेतो तेथूनच विचारास आरंभ करणे बरे.

कानावर आणि डोळ्यांवर जे जे आदळते त्यातील फारच थोडे आत जाते. दाराशी लक्ष नावाचा एक द्वारपाल उभा आहे. कॅनॉट प्लेसच्या गोल बरामद्यातून रोज जाणाऱ्या माणसास तेथील एखाद्या दुकानाच्या पाटीचा रंग विचारावा. दहा वर्षे पाहूनही तो सांगता येणार नाही, कारण त्याकडे त्याने कधी लक्ष दिलेलेच नसते. येथे विस्मरण झाले असे म्हणण्यात अर्थ नाही. जे घेतलेच नाही ते विसरणार कसे?

लक्षाने जे आत सोडले त्यासाठी पहिली जागा मिळते ती अगदी अपुरी. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली असे दाखविले, की एका वेळी माणूस सुमारे सात गोष्टी, फार तर दोन कमी किंवा दोन अधिक, ध्यानात धरू शकतो. पुढील संशोधकांनी ही संख्या चारापर्यंत खाली आणली आहे. शब्दांच्या बाबतीत ॲलन बॅडली याने आणखी एक सूक्ष्म गोष्ट दाखविली: ऐकलेले शब्द मनात घोळत राहतात ते जणू एका फिरत्या पट्ट्यावर, आणि तो पट्टा सुमारे दोन सेकंदांत उच्चारता येईल एवढाच लांब असतो. त्यापेक्षा अधिक काही दिले की शेपूट येईपर्यंत डोके पुसले जाते. दूरध्वनीचा क्रमांक लिहून घेताना कोणी मध्येच हाक मारली, तर काय होते, ते सर्वांच्या अनुभवाचे आहे.

पाठशाळेतील गुरू विद्यार्थ्याला संथा देतो तेव्हा पूर्ण मंत्र एकदम देत नाही. तो मंत्राचा लहानसा तुकडा उच्चारतो; विद्यार्थी तो लगेच दोनदा म्हणतात; मग पुढचा तुकडा. या तुकड्यांची लांबी कोणत्या प्रयोगशाळेने ठरविली नव्हती, तरी ती त्या फिरत्या पट्ट्यावर नेमकी बसणारी आहे. शतकानुशतके मुले शिकविणाऱ्यांना मुलांच्या मनाची माप बरोबर सापडली होती, एवढेच याचे तात्पर्य. त्यातून आधुनिक विज्ञान जुन्या ग्रंथांत होतेच, असे अनुमान काढण्याचे कारण नाही.

अपुऱ्या जागेवर मनाने काढलेला तोडगा म्हणजे गाठोडी बांधणे. दहा सुटे अंक जड जातात. परंतु त्यांतील चार अंक एखाद्या परिचित सालाचे निघाले की ते चार मिळून एक होतात. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एका महाविद्यालयीन विद्यार्थ्यावर झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. सरावाच्या आरंभी त्याला ऐकलेले सातच अंक परत म्हणता येत. दीडदोन वर्षांच्या सरावानंतर तो ७९ अंक म्हणू लागला. तो धावपटू होता. ऐकलेल्या अंकांचे गट तो शर्यतींच्या वेळांमध्ये बसवीत असे. गंमत अशी, की अंकांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा त्याची मजल पुन्हा सहासातांपाशीच थांबली. त्याच्या मनातली जागा वाढलेली नव्हती. अंकांपुरती एक विद्या त्याने कमावली होती. हा प्रयोग ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

ही झाली ओसरी. माजघरात प्रवेश मिळतो तो हिप्पोकॅम्पसच्या मार्फत. समुद्रघोडा नावाच्या माशासारखा त्याचा आकार असल्याने त्याला हे ग्रीक नाव पडले. तो काय करतो याचा उलगडा झाला तो एका दुर्दैवी माणसामुळे. हेन्री मोलाइसन या २७ वर्षांच्या अमेरिकन तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके येत. १९५३ साली शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि भोवतालचा काही भाग काढून टाकला. झटके कमी झाले. पण त्या दिवसापासून २००८ साली झालेल्या मृत्यूपर्यंत त्याच्या मनात नवे असे जवळपास काहीच राहिले नाही. बोलणारी व्यक्ती खोलीबाहेर जाऊन परत आली तर ती त्याला नवखी वाटे. ब्रेंडा मिलनर या विदुषीने त्याचा अभ्यास कित्येक दशके केला. तरी प्रत्येक भेट त्याच्या दृष्टीने पहिलीच.

मात्र त्याचे बालपण त्याला आठवत होते, भाषा शाबूत होती, बुद्धीही चांगली होती. याहून नवलाची गोष्ट मिलनर यांना आढळली ती अशी. आरशात पाहून चांदणीची आकृती गिरविण्याचे काम त्याला दिले. हे काम कोणालाही प्रथम अवघड जाते. तीन दिवसांच्या सरावाने त्याचा हात उत्तम बसला. परंतु आपण हे पूर्वी कधी केले आहे याची त्याला सुतरामही जाणीव नव्हती. हाताला आठवत होते, त्याला आठवत नव्हते. स्मृती ही एक वस्तू नसून निरनिराळ्या वाटांनी चालणारी निरनिराळी कामे आहेत, हे तेव्हापासून मान्य झाले. घटना आणि नवी माहिती यांची वाट हिप्पोकॅम्पसमधून जाते. हाताजिभेच्या सवयीची वाट वेगळी आहे.

माजघरात ठेवले जाते म्हणजे काय होते? मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत आणि प्रत्येक पेशीचे हजारो इतर पेशींशी सांधे आहेत. आठवण या पेशींत एखाद्या गोळीसारखी पडून राहत नाही. ती सांध्यांच्या कमीअधिक बळकटपणात असते. एरिक कँडेल यांनी एका समुद्री गोगलगायीवर प्रयोग करून ही प्रक्रिया उलगडली आणि त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. थोडा वेळ टिकणाऱ्या आठवणीसाठी असलेलाच सांधा तात्पुरता अधिक कार्यक्षम होतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या आठवणीसाठी मात्र पेशीला नवी प्रथिने घडवावी लागतात आणि नवे सांधे फुटतात. पाठ करणे हे या अर्थाने बांधकाम आहे. आणि कोणत्याही बांधकामाप्रमाणे त्याला सुकण्यास अवधी द्यावा लागतो. पुष्कळसे काम झोपेत होते. दिवसा ज्या पेशी एकत्र चेतल्या, त्याच झोपेत पुन्हा एकत्र चेततात, हे १९९४ साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये प्रत्यक्ष पाहिले गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी गवंड्यालाच रजा देतो, म्हणावयाचे.

बांधलेले ढासळते किती वेगाने, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली मांडले. निरर्थक अक्षरगट पाठ करावयाचे आणि काही काळाने ते पुन्हा पाठ करण्यास किती श्रम वाचतात ते मोजावयाचे, अशी त्याची रीत. एका तासातच निम्म्याहून अधिक निसटले, एका दिवसानंतर तिसरा हिस्सा उरला, महिन्यानंतर पाचवा. म्हणजे गळती आरंभी धोधो आणि मग थेंबथेंब. त्याचे दुसरे निरीक्षण अधिक उपयोगाचे आहे. एकाच दिवशी ६८ आवर्तने करून जे साधले, तेच तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवर्तनांनी साधले. पुढे २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला. दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटले: आठवणाऱ्यांना ५६ टक्के सांगता आले, वाचणाऱ्यांना ४२ टक्के. आत घालण्याने जेवढे पक्के होते त्याहून बाहेर काढण्याने अधिक पक्के होते.

आता पाठशाळेत परत जावे. तेथे आज नवी संथा घ्यावयाची, ती घोकावयाची, आणि पूर्वी झालेल्या अध्यायांची आवृत्ती रोजच्या रोज काही ना काही करावयाची. म्हणजे आवर्तने दिवसांवर, महिन्यांवर, वर्षांवर वाटलेली. पोथी समोर धरून म्हणणे हे कमीपणाचे मानले जाते, म्हणून प्रत्येक आवर्तन हे आठवणेच असते. चूक झाली की गुरू त्याच क्षणी थांबवितो. माध्यंदिन शाखेत तर स्वर हातानेही दाखवावयाचा असतो: उदात्त, अनुदात्त, स्वरित यांप्रमाणे उजवा हात वर, खाली, बाजूस जातो. एकच मंत्र कानाने, जिभेने आणि हाताने शिकला जातो. मोलाइसनच्या हातास जे आठवत होते त्याचा दाखला येथे मनात आल्यावाचून राहत नाही.

याहून कौतुकाची गोष्ट म्हणजे पाठांचे प्रकार. संहितेत शब्द संधीने जोडलेले असतात. पदपाठात ते सुटे करून म्हणतात. क्रमपाठात जोडीजोडीने: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा. जटापाठात प्रत्येक जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट अशी वेणीसारखी गुंफली जाते. आणि घनपाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा. मग दुसऱ्या शब्दापासून हीच रीत पुन्हा. हिशेब केला तर मधला प्रत्येक शब्द घनपाठात तेरा वेळा येतो, आणि दरवेळी शेजारी बदलल्याने संधी बदलतो. नुसत्या जिभेच्या ओघाने हे साधत नाही. ओघ नेहमी पुढेच वाहतो. उलट दिशेने म्हणावयाचे तर प्रत्येक शब्द सुटा ओळखता आला पाहिजे. पदपाठात एखादी चूक शिरली, तर ती जटेत अडखळते आणि घनात उघडी पडते. ज्या घरात दहा शतके लेखणीवाचून हिशेब चालतो, त्या घरात हिशेबतपासनीसही मुखोद्गतच ठेवावा लागतो. २००३ साली युनेस्कोने या वेदपठणाच्या परंपरेला मानवजातीच्या मौखिक वारशात स्थान दिले, ते या पद्धतीकडे पाहून योग्यच वाटते.

मराठी माणसाला यासाठी पाठशाळेपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. दिवेलागणीला देवापुढे बसून परवचा म्हणण्याची चाल महाराष्ट्रात घरोघर होती: पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा, हे आज कित्येकांना सांगावे लागेल. परवचा रोज होई, पोथीवाचून होई, आणि शेजारी बसलेल्या आजोबांचे कान तिखट असत. जन्मभर दिल्लीच्या सचिवालयात इंग्रजीत टिपण्या लिहिणारा मराठी मनुष्य सरोजिनीनगरच्या बाजारात सव्वा किलो भेंडीचा हिशेब मराठीतच करतो, याचे कारण ही दिवेलागण होय. ते सांधे बालपणी बांधले गेले आणि नंतरच्या कोणत्याही भाषेला ती जागा रिकामी मिळाली नाही.

तरीही एक मोठा भेद विसरता कामा नये. माणसाची नेहमीची स्मृती शब्दांची नसते, अर्थाची असते. फ्रेडरिक बार्टलेट याने १९३२ साली दाखविले, की परकी गोष्ट ऐकून ती पुन्हा सांगताना लोक तिचे तपशील गाळतात, अनोळखी गोष्टींच्या जागी ओळखीच्या घालतात आणि आपल्याला पटेल अशी ती करून घेतात. आणि हे सर्व अगदी प्रामाणिकपणे. कचेरीतील नस्तीचे उदाहरण येथे बरेच जुळते. नस्ती अभिलेखागारातून मागविली, की ती जशीच्या तशी परत जात नाही. तिच्यावर नवी टिपणी चढते, एखादे पान मागेपुढे होते. आठवणीचेही तसेच होते, असे २००० सालापासून झालेल्या प्रयोगांतून दिसून आले आहे: जागी झालेली आठवण काही काळ मऊ पडते आणि पुन्हा बसते तेव्हा थोडी वेगळी बसते. न्यायालयातील साक्षीदार खोटे न बोलताही चुकीचे सांगू शकतो, तो यामुळे.

पंडितांची शब्दशः स्मृती हा या नियमाचा अपवाद आहे, आणि तो फुकट मिळालेला नाही. अर्थाकडे ओढ घेणाऱ्या मनाला अक्षरावर खिळवून ठेवण्यासाठी दहा वर्षे, गुरूचा कान, हाताची मुद्रा आणि घनाची वेणी, इतके सारे लागले. अर्थ न समजता केलेले पठण म्हणजे भारवाहीपणा, अशी टीका यास्काच्या निरुक्तातही केलेली आढळते; म्हणजे घोकंपट्टीविषयीची तक्रार आजची नाही. पण ज्याला आज शाळेत पाठांतर म्हणतात, ते या पद्धतीचे नाव लावून चाललेले अगदी उलट काम आहे. मार्गदर्शिकेतील उत्तर पाचसहा वेळा वाचावयाचे, तेही आदल्या रात्री. सकाळी ते उत्तरपत्रिकेवर उतरवावयाचे आणि दुपारपासून त्याचे नाव काढावयाचे नाही. त्यात वाटणी नाही, आठवणे नाही, चूक दाखविणारा कान नाही, आणि अर्थही नाही. जुन्या पद्धतीतील जे घेण्यासारखे होते तेवढे टाकून जे टाकण्यासारखे होते तेवढे ठेवल्यासारखे हे झाले आहे.

राहिला मेंदू वाढण्याचा प्रश्न. मानेसरच्या अभ्यासातील मोजणी एकदाच, शिक्षण संपल्यानंतर झालेली आहे. पठणाने मेंदू बदलला, की ज्यांचा मेंदू मुळातच तसा होता तीच मुले दहा वर्षे तग धरून राहिली, हे त्या मोजणीवरून ठरत नाही. शिवाय पंडिताचे जीवन केवळ पाठांतराचे नसते; त्यात श्वासाचा संयम आहे, स्वराची साधना आहे, ठरलेली दिनचर्या आहे. ४२ माणसांच्या तुलनेत यांतील कशाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. करडे द्रव्य अधिक म्हणजे पेशी अधिक, असेही नाही. सांध्यांच्या फांद्या, आधारपेशी, रक्तवाहिन्या, यांपैकी कशानेही प्रतिमा दाट दिसू शकते. आणि संस्कृत भाषेचा महिमा या प्रयोगाने सिद्ध व्हावयाचा तर तितक्याच वर्षांत दुसऱ्या भाषेचे तितकेच पाठांतर केलेले लोक शेजारी बसवावे लागतील.

अशी शंका लंडनच्या टॅक्सीचालकांविषयीही होती. तेथे परवाना मिळविण्यासाठी शहरातील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ असावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांहून मोठा असल्याचे दाखविले. लोकांनी हाच प्रश्न केला: वाढला, की होताच? तेव्हा त्यांनी ७९ उमेदवारांची मोजणी शिक्षणाच्या आरंभीच केली आणि तीनचार वर्षांनी पुन्हा केली. उत्तीर्ण झालेल्या ३९ जणांत वाढ दिसली. अनुत्तीर्णांत दिसली नाही. आणि आरंभी दोघांत भेद नव्हता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने, प्रौढ मेंदूही कष्टाने बदलतो, हे बऱ्याच अंशी पक्के केले. मात्र त्याच चालकांना एक नवी गुंतागुंतीची आकृती पाहून काही वेळाने ती आठवून काढावयास सांगितली, तेव्हा ते इतरांपेक्षा मागे पडले. एका खोलीत सामान वाढले, की दुसऱ्या खोलीची जागा थोडी दबते, असे दिसते. ७९ अंक म्हणणारा तो धावपटू अक्षरांपाशी अडला होता, ते येथे पुन्हा आठवावे. मंत्र पाठ करणाऱ्याचे मंत्र पक्के होतील. त्यामुळे त्याला भूगोलही चांगला येईल, अशी हमी कोणी देऊ नये.

या सर्व विचाराला एक गंभीर बाजू आहे, आणि ती मुलांपेक्षा वृद्धांची आहे. देशातील साठीच्या पुढील माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, असा अंदाज दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा सहभाग असलेल्या पाहणीतून २०२३ साली पुढे आला. या विकारांतील सर्वांत मोठा वाटा असलेल्या अल्झायमरच्या रोगात पहिला घाला बहुधा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतच्या भागावर पडतो. पंडितांच्या मेंदूत नेमका तोच भाग भरलेला दिसल्यामुळे, पठण हे त्या रोगाविरुद्धचे कवच ठरेल काय, असा प्रश्न हार्टझेल यांनी स्वतःच उपस्थित केला. परंतु ज्यांच्या प्रतिमा घेतल्या ते सर्व तरुण होते. अजून पन्नास वर्षांनी त्यांचे काय होईल हे त्या प्रतिमा सांगू शकत नाहीत.

घरातील वृद्धांकडे पाहणाऱ्यांना मात्र एक गोष्ट परिचयाची आहे. जेवण झाले की नाही हे ज्यांना आठवत नाही, नातवाला जे मुलाच्या नावाने हाक मारतात, त्यांच्या जिभेवर रामरक्षा मात्र अखंड असते. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थिओद्यूल रिबो याने १८८१ सालीच नोंदविले होते, की विस्मरणात ताजे ते आधी जाते आणि जुने ते शेवटी. साठ वर्षे रोज उच्चारलेले शब्द हिप्पोकॅम्पसच्या आधारावर आता उभे नसतात. ते बाह्यपटलात आणि जिभेच्या सवयीत मुरलेले असतात. दार मोडले तरी आतले सामान काही काळ शिल्लक राहते. फक्त ते आपोआप बाहेर येत नाही. संध्याकाळी दिवा लावल्यावर कोणीतरी शेजारी बसून पहिला शब्द उच्चारावा लागतो. मग दुसरा शब्द त्यांचा असतो, आणि त्यापुढचे सगळेच.